मलिगन घेऊन शांत राहणं सोपं असतं

पत्र:

ताई, नमस्कार. मी 43 वर्षांची. चार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या नादाने गोल्फ सुरू केलं आणि आता अक्षरशः वेड लागलंय. त्याआधी मी फार तापट होते, सगळेच म्हणायचे. गोल्फने मला बदललं असं मी सगळ्यांना सांगत असते, शांत झाले, पेशन्स आला, वर्तमानात जगायला शिकले वगैरे. एक वहीपण केलीये, प्रत्येक राउंडनंतर त्या दिवशी गोल्फने आयुष्याबद्दल काय शिकवलं ते त्यात लिहिते.

तर गेल्या महिन्यात मुलगी (वय 15) पहिल्यांदाच माझ्याबरोबर आली, ट्रॉली ओढायला. माझा एक बॉल सरळ पाण्यात गेला. मी हसले, ‘असू दे, पुढचा’ म्हणाले आणि दुसरा बॉल काढला. त्याच आठवड्यात तिचे गणिताचे मार्क आले, खूप कमी होते, आणि मी एवढी ओरडले की नवरा मध्ये पडला. तर ती म्हणाली, ‘आई, तुझा बॉल पाण्यात गेला की असू दे, आणि माझा पेपर पाण्यात गेला की हे?’ मला उत्तरच सुचलं नाही. तेव्हापासून डोक्यात तेच, की मी खरंच सुधारले की फक्त तिथे गवतावर सुधारले? नवरा म्हणतो रविवारची सकाळ घराबाहेर काढायला तुला हे भारी कारण मिळालंय.

शिवाय वर्षभर हँडिकॅप (पातळीप्रमाणे मिळणारी स्ट्रोकची, म्हणजे फटक्यांची सूट, जितकी कमी तितका खेळ चांगला) 24 वर अडकलाय. मैत्रिणींबरोबर बरी खेळते (आमच्यात पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीच्या जागी, एक मलिगन चालतो, म्हणजे शॉट वाईट गेला तर तो न मोजता परत मारायचा, आणि छोटे पट, म्हणजे होलजवळचे शेवटचे हलके फटके, पण आम्ही एकमेकींना न मारताच देऊन टाकतो) पण कॉम्पिटिशनमध्ये दरवेळी सात-आठ स्ट्रोक जास्त, प्रेशर येतं बहुतेक. आणि कोचने ग्रिप बदलायला लावल्यापासून तर सगळंच बिघडलंय. जुन्या ग्रिपवर परत जाऊ का? मुळात गोल्फ चालू ठेवू का?

– बंकरमध्ये अडकलेली

उत्तर:

गोल्फ चालू ठेवा. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही.

तुमच्या मुलीचा प्रश्न जबरदस्त आहे, पण त्याचं उत्तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधताय असं मला वाटतं. तुम्ही म्हणताय मी मैदानावर एक आणि घरी एक, म्हणजे मी ढोंगी. मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलेलं ते मलिगनचं वाटलं. कंसात म्हणजे जाता जाता, बिनमहत्त्वाचं म्हणून. तिथूनच सुरू करू या.

आधी ते कॉम्पिटिशनचं प्रेशर बघू, कारण मला शंका आहे की प्रेशरचा यात फार हात नाही. पहिल्या टीवरचा वाईट शॉट तुम्ही पुसता, तिथेच एक-दोन स्ट्रोक वाचले. मग ‘छोटे पट’. किती छोटे? मैत्रिणी-मैत्रिणींत छोटा पट हळूहळू लांब होत जातो हे गोल्फ खेळणाऱ्या कुणालाही विचारा. पीजीए टूरवरचे खेळाडू, ज्यांचं पोटच यावर आहे, ते आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, आणि तीन फुटांवरून सुद्धा अधूनमधून चुकतात. मग आपण चार-पाच फुटांचे पट ‘झालाच की’ म्हणून उचलायचे म्हणजे राउंडमागे तीन-चार स्ट्रोक सहज गायब. कॉम्पिटिशनमध्ये हे सगळे परत येतात, बस. तुम्ही तिथे वाईट खेळत नाही, तिथे मोजलं जातं एवढाच फरक आहे.

त्यात हँडिकॅपचं गणितच असं आहे की साधारण दिवशी तुम्ही त्याच्यापेक्षा वाईटच खेळणार. 2020 पासून जगभर जी एकच हँडिकॅप पद्धत आली ना, तिच्यात शेवटच्या 20 राउंडमधले सगळ्यात चांगले 8 धरतात आणि त्यांची सरासरी काढतात. म्हणजे हँडिकॅप हा तुमच्या चांगल्या दिवसांचा फोटो आहे, रोजचा नाही. त्यामुळे त्याच्या वर दोन-चार स्ट्रोक जाणं ही बिघाडाची खूण नाहीच, बहुतेक वेळा तसंच होणार. आणि हो, ते मलिगनवाले राउंड हँडिकॅपसाठी टाकत असाल तर कृपया थांबवा, नियमांच्या पुस्तकात मलिगन नावाची गोष्ट नाहीये.

आता मुद्द्यावर येते. बॉल पाण्यात गेला, तुम्ही हसलात, असू दे म्हणालात, दुसरा काढलात. त्या होलला कार्डवर काय लिहिलंत? पेनल्टीचा स्ट्रोक धरलात का? पत्रात ते नाहीये. मी आरोप करत नाहीये, कदाचित धरलाही असेल, पण ज्या ग्रुपमध्ये पहिला शॉट पुसला जातो आणि शेवटचा पट मारावाच लागत नाही त्या ग्रुपमध्ये मधल्या स्ट्रोकांचाही हिशोब जरा सैलच राहतो. आणि ज्याचा हिशोबच ठेवायचा नाही त्यावर हसायला काय लागतं हो? त्या शांतपणाला काही किंमतच मोजावी लागली नव्हती. मुलीचे मार्क मात्र मोजलेले होते, कागदावर आकड्यात लिहिलेले, पुसता न येणारे. तिथे तुम्ही फुटलात. तर तुम्ही दोन वेगवेगळ्या बायका नाही आहात. तुम्ही एकच आहात, न मोजलेल्यावर शांत आणि मोजलेल्यावर तापट. गोल्फने यातला पहिला भाग तुम्हाला छान शिकवला, दुसरा शिकवायची संधी तुम्ही त्याला दिलीच नाहीत, कारण अवघड जागा आली की मैत्रिणी म्हणतात ‘राहू दे गं, उचल’.

बॉबी जोन्स या जुन्या अमेरिकन गोल्फरबद्दल कधी वाचलंय का? नसेल तर वाचा, तुमच्यासाठी अगदी योग्य माणूस आहे. पेशाने वकील झाला, आयुष्यभर अमॅच्युअर, म्हणजे पैशासाठी न खेळणारा, राहिला, आणि 1930 मध्ये एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकून वयाच्या 28 व्या वर्षी रिटायर झाला. पण लहानपणी हा पोरगा भयंकर तापट होता, क्लब फेकायचा. 14 व्या वर्षी यूएस अमॅच्युअर खेळला, सगळे म्हणाले हा आता सगळं जिंकणार, आणि मग सात वर्षं एकही मोठी स्पर्धा हाताला लागली नाही. 1921 मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ओपन खेळत होता, तिसऱ्या राउंडमध्ये सगळं बिघडत गेलं, अकराव्या होलवर बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, अडकला आणि शेवटी बॉल उचलून स्पर्धेतून बाहेरच पडला. गोल्फमध्ये हे फार लाजिरवाणं मानतात, खराब खेळा पण कार्ड पूर्ण करा असा तिथला रिवाज आहे.

चार वर्षांनी, 1925 ची यूएस ओपन. पहिल्याच राउंडमध्ये रफमधून, म्हणजे कडेच्या उंच गवतातून, मारायला उभा राहिला आणि त्याला वाटलं की बॉल जरासा हलला. बाकी कुणीच पाहिलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी विचारपूस केली, काही पुरावा नाही, तूच ठरव म्हणाले. त्याने स्वतःवर एक स्ट्रोकची पेनल्टी लावून घेतली. शेवटी काय झालं, तर विली मॅकफार्लेनबरोबर त्याची बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला. तो एक स्ट्रोक लावला नसता तर प्लेऑफची वेळच आली नसती, तो सरळ जिंकला असता. लोक कौतुक करायला लागले तर तो वैतागला, बँक लुटली नाही म्हणून माणसाचं कौतुक करतात का अशा अर्थाचं काहीतरी बोलला. आणि गंमत म्हणजे ज्या सेंट अँड्र्यूजमधून तो कार्ड अर्धवट टाकून निघून गेला होता तिथेच 1927 मध्ये त्याने ओपन जिंकली आणि 1958 मध्ये त्या गावाने त्याला सन्मानाचं नागरिकत्व दिलं.

ही गोष्ट लोक प्रामाणिकपणाची म्हणून सांगतात, ठीक आहे, आहेच ती तशी. पण मला तिच्यात तुमच्या कामाचं वेगळंच दिसतं. 1921 मध्ये त्याला वाईट आकडा सहन झाला नाही म्हणून त्याने आकडाच होऊ दिला नाही, बॉल उचलला. 1925 मध्ये त्याने स्वतःहून आकडा वाढवून घेतला आणि त्यानंतरही पुढचे सगळे राउंड नीट खेळला. राग गेला की नाही हा प्रश्नच नाही, आतून तो चिडतच असणार, काही माणसं मुळातच तशी असतात. वाईट आकडा लिहून पुढचा शॉट मारणं त्याला जमायला लागलं होतं, हा माझ्या मते खरा बदल, आणि तुम्ही ज्याला पर्सनल ग्रोथ म्हणताय ती गोल्फमध्ये कुठे सापडत असेल तर इथेच सापडते.

म्हणून ती वही. रागावू नका पण ती वही बंद करा. चार वर्षांचं तुमचं लिखाण मी न वाचताही सांगू शकते त्यात काय असेल, प्रत्येक बंकर ही संधी आहे, मागच्या शॉटचा विचार करू नये, वगैरे. अशी वाक्यं लिहिताना फार छान वाटतं आणि त्यांचा त्रास असा की लिहिलं की झालं असं वाटतं. त्याऐवजी एकच गोष्ट टिपा: राउंडमधला सगळ्यात वाईट होल कुठला, त्यावर किती झाले, आणि त्याच्या लगेच पुढच्या होलवर किती झाले. बास. दहा-बारा राउंडनंतर त्या पुढच्या होलच्या आकड्यांकडे बघा. नेहमीसारखेच असतील तर पेशन्स आलाय म्हणा. वाईट होलनंतरचा होल पण दरवेळी बिघडलेला असेल, तर चेहरा हसरा होता आणि हात चिडलेले होते हे कळेल. आकडे खोटं बोलणार नाहीत, मलिगन न घेतल्यास.

आता घर. गोल्फमधला पेशन्स आपोआप घरी येतो हे मला कधी पटलेलं नाही. का ते सांगते. चार तासांच्या राउंडमध्ये तुम्ही शंभर स्ट्रोक मारलेत असं धरलं आणि एका स्विंगला दोन सेकंद धरली तर प्रत्यक्ष मारण्यात तीन-साडेतीन मिनिटं जातात. बाकी सगळा वेळ चालायला, श्वास घ्यायला, विचार करायला. बॉल जागेवर पडून असतो, तुम्ही तयार होईपर्यंत तो वाट बघतो. तुम्ही मारायला उभ्या राहिलात की आजूबाजूची चार माणसं तोंड मिटून स्तब्ध उभी राहतात! अहो इतकी सोय असताना कोण शांत राहणार नाही? घरी असं कुणी करत नाही. घरी तुम्ही दमून दारात आलात की मार्कांचा कागद समोर येतो, कुकर, फोन, नवऱ्याचा प्रश्न सगळं एकदम, आणि दोन शॉटच्या मध्ये चालायला तीनशे मीटर नसतात.

तर ते चालणं मुद्दाम तयार करावं लागतं. हे एवढं एक मात्र गोल्फमधून उचलून नेता येतं असं माझं मत आहे. मार्क बघितले की आकडा मोठ्याने म्हणा, ‘बरं, शंभरात छत्तीस’, जे काही असतील ते. लपवू नका, ‘असू दे’ही म्हणू नका. आणि मग तिथून उठा. काय चुकलं हा प्रश्न त्या संध्याकाळी विचारायचाच नाही, दुसऱ्या दिवशी विचारायचा. पाण्यात गेलेल्या बॉलवर काठावर उभं राहून भाषण दिलेलं मी तरी पाहिलं नाही, मागून खेळत येणारे चौघे ओरडतील. दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन बसा आणि बघा कुठे गेले मार्क, एकाच धड्यात गेले की सगळीकडे दोन-दोन गेले. तुमच्या हँडिकॅप पद्धतीतच याची एक सुंदर सोय आहे, वापरून बघा. एका होलवर तुमचे कितीही झाले तरी हँडिकॅपसाठी ठरावीक मर्यादेपर्यंतच धरतात, पार (त्या होलसाठी ठरवलेले स्ट्रोक) अधिक दोन अधिक हँडिकॅपमुळे त्या होलवर मिळणारे तुमचे स्ट्रोक. तुम्हाला 24 मिळतात म्हणजे पार चारच्या होलवर फार तर 7 किंवा 8, मग तुम्ही तिथे बारा मारले असले तरी. पद्धत बनवणाऱ्यांना कळत होतं की एका होलवरच्या सत्यानाशावरून माणसाची पातळी ठरवू नये. पण म्हणून तो होल कोराही सोडत नाहीत, 8 लिहितात. एका पेपरकडे असं बघता येईल का?

आणि मुलीला उत्तर द्या, अजून उशीर झालेला नाही. तिला ‘असू दे’ हवंय असं मला नाही वाटत, 15 वर्षांच्या मुलांना आपल्या मार्कांचं काय करायचं ते कळतं. तिने एवढंच पकडलंय की आईचे नियम स्वतःसाठी वेगळे आहेत, आणि तिचं खरं आहे. सरळ सांगा की तू म्हणालीस ते बरोबर होतं, मी माझा बॉल नीट मोजलाच नाही आणि तुझ्या मार्कांवर मात्र तुटून पडले, ओरडायला नको होतं. गोल्फची तत्त्वं मध्ये आणू नका, नाहीतर ती डोळे फिरवेल आणि मी तिच्या बाजूने असेन. पुढच्या वेळी यायला तयार असेल तर ट्रॉलीऐवजी कार्ड तिच्या हातात द्या. गणितात कमी मार्क पडले तरी तुमचे स्ट्रोक ती बरोबर मोजेल, खात्री बाळगा.

नवऱ्याचं म्हणणं. यात गोल्फने मी सुधारले की नाही हा वाद आणूच नका. मला तर वाटतं तुम्ही चार वर्षं सगळ्यांना जे सांगत आलात ना, गोल्फने मला शांत केलं वगैरे, त्यात थोडा भाग परवानगी काढण्याचा आहे. बायकांना स्वतःच्या आवडीसाठी सकाळ हवी असेल तर तिचा काहीतरी उपयोग दाखवावा लागतो अशी सवयच लागलेली असते. नका दाखवू. आवडतं म्हणून खेळते, एवढं सांगा. आणि मग रविवारच्या सकाळी घरातलं कोण काय करणार याची वाटणी हा वेगळा विषय म्हणून बोला, त्यात त्याचं काही बरोबरही निघेल.

ग्रिप. तुम्ही उजव्या हाताने खेळता आणि बॉल उजवीकडे स्लाइस व्हायचा, म्हणजे हवेत वळून जायचा, असं धरते, कारण बहुतेक हौशी लोकांचं तेच असतं आणि कोच बहुतेक तेव्हाच दोन्ही हात क्लबवर थोडे उजवीकडे फिरवायला लावतात. हे केलं की सुरुवातीला बॉल डावीकडे पळतो, कारण स्लाइस टाळायला तुमच्या खांद्यांनी, हातांनी, पायांच्या पोझिशनने जे जे जुगाड इतकी वर्षं लावले होते ते सगळे अजून चालूच असतात. ग्रिप बदलली, जुगाड नाही बदलले. म्हणून सगळं बिघडल्यासारखं वाटतं. टायगर वुड्सने 1997 मध्ये मास्टर्स 12 स्ट्रोकने जिंकल्यावर, म्हणजे शिखरावर असताना, कोच बुच हार्मनबरोबर स्विंग पुन्हा बांधायला घेतला. 1998 मध्ये पीजीए टूरवर त्याची एकच स्पर्धा जिंकून झाली आणि लोक म्हणायला लागले संपला हा. 1999 मध्ये आठ जिंकल्या आणि 2000 ची यूएस ओपन तर 15 स्ट्रोकने. अर्थात त्याचा दिवसच गोल्फमध्ये जायचा आणि तुमची रविवारची सकाळच आहे, त्यामुळे तेवढ्यावरून हुरळून जाऊ नका, तुम्हाला जास्त वेळ लागेल.

कोचला दोन गोष्टी स्पष्ट विचारा. ही ग्रिप माझी नेमकी कुठली चूक काढायला आहे, आणि ती निघतेय हे मला कशावरून कळेल. नीट उत्तर मिळालं तर काही महिने टिकून राहा, रेंजवर (सरावाच्या जागी) आधी छोट्या आयर्नने, म्हणजे जवळचं मारायच्या क्लबने, अर्ध्या स्विंगने, आणि ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, सगळ्यात शेवटी. ‘सगळे असंच धरतात’ असं उत्तर आलं तर दुसरा कोच बघा. एक मात्र करू नका, रेंजवर नवी ग्रिप आणि मैदानावर घाबरून जुनी, त्याने दोन्ही जातात.

मैत्रिणींना मलिगन बंद करू या म्हणाल तर पहिल्या दिवशी शिव्या बसतील. तुम्ही त्यांचं काही बदलायला जाऊ नका, त्या घेऊ देत. तुम्ही फक्त तुमचे सगळे स्ट्रोक लिहा, पट शेवटपर्यंत घाला, पाण्यात गेला की पेनल्टी धरा, आणि असेच राउंड हँडिकॅपला टाका. हँडिकॅप 24 चा 27 होईल बहुतेक. होऊ द्या. पुढच्या कॉम्पिटिशनला तीन स्ट्रोक जास्त मिळतील, ते न लाजता घ्या.